वडिलांच्या रॅलेला यवतेश्वर चढायचा असेल तर

नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलेला असा: वडिलांनी १९७९ साली सांगलीत एका ओळखीच्यांकडून घेतलेली इंग्लंडची रॅले सायकल आहे. पुढे ५२ आणि ४० दात्यांच्या दोन चकत्या, मागे पाच, त्यातली सगळ्यात मोठी २८ ची. वडिलांनी ती सांगली-मिरज अशी वर्षानुवर्षं चालवली. तुम्ही आता नोकरीनिमित्त साताऱ्यात आहात, सायकलवर कासला जायची इच्छा आहे, पण समर्थ मंदिर सोडून यवतेश्वरचा घाट लागला की उतरून सायकल ढकलावी लागते. एका दुकानात ‘फ्रेम फाकवून अकरा स्पीड (म्हणजे मागे अकरा चकत्या) बसवून देतो’ असं सांगितलं. तसं करावं का, आणि केलं तर वडिलांची सायकल बिघडेल का, हा प्रश्न.

आधी उत्तर देतो. फ्रेम स्टीलची आहे. सावकाश आणि मोजून काम केलं तर मागचा भाग थोडा फाकवल्याने तिचं काही बिघडत नाही. पण अकरा स्पीड बसवू नका. तुम्हाला हवं आहे ते सात स्पीडच्या साध्या फ्रीव्हीलमध्ये (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसणारा मागच्या चकत्यांचा संच) मिळतं आणि उरलेले पैसे ब्रेकला लागणार आहेत. ब्रेकबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही. मला मात्र तुमचा प्रश्न वाचताना काळजी वाटली ती त्याचीच. त्याकडे येतोच.

‘गिअर कमी पडतात’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा म्हणायचं असतं, की पुरेसा हलका गिअर नाही. तुमच्या सायकलला आजही दहा गिअर आहेत. सपाट कृष्णाकाठच्या रस्त्याला त्यातले दोन-तीन पुरले असतील. घाटात मात्र एकच गोष्ट विचारायची: सगळ्यात हलका गिअर किती हलका?

हिशोब करून बघू. २७ इंची चाकाचा घेर साधारण २.१५ मीटर. पुढे ४०, मागे २८ असताना पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.०७ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी ११ किलोमीटर. आता शंभर मीटरला सात मीटर असा चढ धरा. तुम्ही, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ८५ किलो धरा. या वेगाला पायातून साधारण २०० वॅट ताकद लागते. रोज न चालवणाऱ्या माणसाला तासभर दीडशे वॅटही जड जातात. तेव्हा तुम्ही उतरून ढकलता यात तुमच्या दमाचा काही दोष नाही. वेग कमी करावा म्हटलं तर पॅडल मिनिटाला ४० वर येतं, गुडघ्यावर जोर येतो आणि सायकल डुलायला लागते.

मागे २८ च्या जागी ३४ ची चकती आली की तोच फेरा २.५३ मीटरचा होतो, वेग ताशी ९ आणि ताकद १६५ वॅटच्या आसपास. पुढची ४० जाऊन ३४ आली तर फेरा २.१५ मीटर, ताशी पावणेआठ, आणि १४० वॅट. इथे घाट बसून चढता येतो. आता दुकानदाराने सांगितलेल्या अकरा स्पीडकडे बघा. रोड सायकलचा नेहमीचा संच, म्हणजे पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२, असा घेतला तर सगळ्यात हलका गिअर २.२८ मीटरचा. म्हणजे सात स्पीडच्या ३४ वर ३४ पेक्षा जडच. गिअर वाढले ते मधले. मधले गिअर सपाट रस्त्यावर वेगाने ग्रुपमध्ये चालवणाऱ्याला उपयोगी पडतात. तुमचं काम वेगळं आहे.

अकरा स्पीड नको म्हणण्याला आणखी एक कारण आहे. त्याची चेन बारीक असते. पुढच्या जुन्या चेनव्हीलच्या दोन चकत्यांमधलं अंतर जाड चेनच्या मापाचं असतं, त्यामुळे गिअर बदलताना बारीक चेन दोन चकत्यांच्या मध्ये अडकण्याची भीती राहते. मग चेनव्हील बदला, त्यासाठी बॉटम (पॅडलचा ॲक्सल आणि छर्रे बसतात तो भाग) बदला, हब बदला, गिअरचे लिव्हर बदला. शेवटी वडिलांच्या सायकलची फक्त फ्रेम उरते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. सायकल महिन्यातून एकदा कासला आणि एरवी पोवई नाका ते राजवाडा अशीच फिरणार असेल तर फक्त मागचं काम करा, पुढच्या चकत्यांना हात लावू नका. तुमचं वजन ८५-९० किलोच्या वर असेल किंवा कॅरियरवर सामान बांधून पुढे बामणोलीपर्यंत जायचं असेल, तर मी फ्रीव्हीलचं हब न ठेवता कॅसेटचं हब (यात चकत्या हबवर नुसत्या सरकवून बसवतात) सुचवेन. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, फ्रेमपासून लांब असतात. तिथून फ्रेमपर्यंत ॲक्सल आधाराशिवाय राहतो. मागे चकत्या वाढल्या की तो मोकळा भाग वाढतो, आणि जड माणूस खड्ड्यात आदळला की ॲक्सल वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे अगदी बाहेर, फ्रेमजवळ असतात, म्हणून ते टिकतं. सडपातळ माणसाला सात स्पीडचं फ्रीव्हील वर्षानुवर्षं चालतं, माझ्याकडच्या कितीतरी सायकलींवर चाललंय.

आता फ्रेमचं काम, कारण तुमची खरी धाकधूक तीच आहे.

पाच स्पीडच्या जुन्या सायकलीत मागचं चाक जिथे बसतं त्या दोन खाचांमधलं आतलं अंतर साधारण १२० मिमी असतं. सात स्पीडच्या फ्रीव्हीलला १२६ लागतं, आठपासून अकरापर्यंत रोडच्या हबला १३०. म्हणजे सातसाठी एकूण ६ मिमी, प्रत्येक बाजूला ३. स्टील एवढं निमूट सोसतं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर मात्र हे कधीही करू नका, ती तडकते. फ्रेम १२६ ला आणली की पुढेमागे १३० चं हब घ्यावंसं वाटलं तरी हाताने किंचित ताणून ते बसतं. म्हणून मी १२६ वर थांबतो.

सुरुवातीच्या काळात मी हे काम चुकीचं केलेलं आहे. आट्यांचा लांब रॉड दोन खाचांमधून घालायचा आणि आतून नट फिरवून दोन्ही बाजू एकदमच ढकलायच्या, अशी पद्धत मला शिकवली होती. एका गिऱ्हाइकाच्या सायकलीला तसं केलं. अंतर बरोबर १२६ आलं, पण चाक बसवलं तर रिम डाव्या नळीला चिकटलेली. दोन नळ्यांपैकी जी जरा नरम असते तीच सगळी वाकते, दुसरी जागची हलत नाही. उजवीकडची नळी चेनसाठी आतून चेपलेली असते, तिथे तर दोन्हींत फरक असतोच. ती सायकल सरळ करायला मला पूर्ण दिवस लागला, आणि त्या माणसाच्या समोर उभं राहणं फार जड गेलं. तेव्हापासून मी एकेक बाजू स्वतंत्र वाकवतो.

ते असं. चाक काढायचं, फ्रेम आडवी धरायची. सुताराकडून आणलेली बाभळीची फळी सीटच्या नळीला टेकवून मागच्या नळीच्या आतून घ्यायची आणि सावकाश उचलायची. स्टील परत मागे येतं, त्यामुळे ३ मिमी कायमचं हवं असेल तर त्याच्या कितीतरी पट जास्त ओढावं लागतं. पहिल्या वेळी भीती वाटते. थोडं ओढा, सोडा, मोजा. प्रत्येक ओढीनंतर दोरीची तपासणी: गवंड्याची बारीक दोरी डाव्या खाचेत बांधायची, पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेत आणायची आणि ताणायची. मग सीटच्या नळीपासून दोरीचं अंतर दोन्ही बाजूंना पट्टीने मोजायचं. डावीकडे २९ आणि उजवीकडे २९ आलं की फ्रेम सरळ. एक मिलिमीटरचा फरक मी सोडतो, दोनचा सोडत नाही. शेवटी दोन्ही खाचा एकमेकींना समांतर आहेत का ते बघायचं. त्या तिरक्या राहिल्या की ॲक्सलवर सतत मुरड पडते, आणि मग सहा महिन्यांत ॲक्सल तुटला की लोक हबला नावं ठेवतात.

कामाआधी एक गोष्ट नक्की बघा. मागच्या नळ्यांना जोडणाऱ्या दोन छोट्या आडव्या नळ्या असतात, एक ब्रेकजवळ आणि एक बॉटमच्या मागे. तिथल्या पितळी जोडावर रंगात केसासारखी भेग दिसत असेल तर फ्रेम फाकवू नका, आधी ब्रास वेल्डिंगवाल्याला दाखवा. सांगलीत नदीकाठच्या दमट हवेत राहिलेल्या सायकलींचा बॉटमही आतून गंजलेला सापडतो, म्हणून बॉटम उघडून टॉर्चने बघून घ्या.

फ्रेम झाली की चाक. ॲक्सल थोडा लांबीचा घालायचा आणि उजवीकडे वॉशर वाढवून ६ मिमी भरायचे. असं केल्यावर रिम मध्यावर राहत नाही, ३ मिमी उजवीकडे ओढून घ्यावी लागते. उजव्या तारा ताठ, डाव्या थोड्या सैल, आणि मग नेहमीसारखी आउट काढायची, म्हणजे तारा आवळून-सैल करून चाक सरळ करायचं. हे टाळणारे मिस्त्री ॲक्सल तेवढा बदलतात, मग चाक तिरकं चालतं आणि गिऱ्हाइकाला सांगतात जुन्या सायकलीचं असंच असतं.

जुनं फ्रीव्हील काढणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. पंचेचाळीस वर्षं पॅडल मारून ते हबवर घट्ट होत गेलेलं असतं. फ्रीव्हीलच्या तोंडाशी दोन खाचा असतील किंवा आत गोलाकार दाते असतील. प्रत्येकाला वेगळा पाना. दोन खाचांचा पाना नुसता टेकवून फिरवला की खाचांच्या कडा उडतात, आणि एकदा त्या उडाल्या की फ्रीव्हील फोडूनच काढावं लागतं. मी आदल्या दिवशी मागून, हबच्या बाजूने, गंज सोडवणारं तेल सोडतो आणि चाक आडवं ठेवतो. दुसऱ्या दिवशी पाना बसवतो आणि वरून ॲक्सलचा नट हाताने आवळतो, म्हणजे पाना निसटत नाही. मग पाना वाइसमध्ये पकडायचा आणि बसच्या स्टिअरिंगसारखं अख्खं चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे फिरवायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग एकदा ‘टक’ असा कोरडा आवाज येतो आणि चाक बोटभर सरकतं. तिथेच थांबायचं, नट ढिला करायचा, मग पुढे फिरवायचं. नट तसाच ठेवून फिरवत राहिलात तर ॲक्सल तुटतो.

इंग्लंडच्या हबवर फ्रीव्हीलचे आटे १.३७ इंच, २४ टीपीआय (एका इंचात २४ आटे) असे असतात आणि आज दुकानात मिळणारं शिमानोचं किंवा सनरेसचं फ्रीव्हीलही त्याच मापाचं असतं. १९७९ च्या हबवर आजचं फ्रीव्हील सरळ बसतं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. फक्त आट्यांना ग्रीस लावा आणि हाताने फिरवत न्या. दोन फेऱ्यांतच जाम झालं तर थांबा. हब फ्रेंच मापाचं, म्हणजे ३४.७ मिमीचं असू शकतं, आणि जोर लावला तर हबचे आटे जातील.

तुमच्यासाठी शिमानोचं सात स्पीडचं १४-३४ फ्रीव्हील बरोबर. त्यात चकत्या १४, १६, १८, २०, २२, २४ आणि एकदम ३४ अशा आहेत. २४ वरून ३४ ही उडी पायाला कळते, पहिल्यांदा पॅडल एकदम पोकळ लागतं. घाटाच्या तोंडाशी ती चकती एकदा लावली की वर पठार येईपर्यंत तुम्ही तिथेच असता, त्यामुळे त्या उडीचा त्रास होत नाही. खालच्या सहा चकत्या सपाट रस्त्याला छान जवळजवळ आहेत.

मागचा डेरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, मात्र बदलावाच लागेल. जुना डेरेलर २८ पर्यंतच्या चकतीसाठी बनवलेला, ३४ ला तो घासतो. शिवाय चेनची ढिलाई सांभाळण्याचा हिशोब असतो: पुढच्या दोन चकत्यांतला फरक १२, मागच्या मोठ्या-लहानातला फरक २०, मिळून ३२ दाते. शिमानोचा लांब पिंजऱ्याचा टूर्नी डेरेलर ४३ दाते सांभाळतो, म्हणजे पुढे चकत्या बदलल्या तरी तोच चालेल. तुमच्या फ्रेमला उजव्या खाचेखाली डेरेलरसाठी आट्याचं भोक आहे का बघा. नसेल तर ॲक्सलसोबत आवळायच्या पट्टीचा डेरेलर घ्यायचा, टूर्नीत तोही मिळतो.

लिव्हर आहेत तेच, फ्रेमच्या तिरक्या नळीवरचे, ठेवा. ते खटक्याशिवाय सरकतात, त्यामुळे मागे पाच असोत की सात, त्यांना फरक पडत नाही. खटक्याचे गिअर शिमानोने १९८४ साली आणले. त्यात लिव्हर, डेरेलर आणि चकत्यांचं माप एकमेकांशी जुळावंच लागतं. तुमच्या सायकलीला ते बंधन नाही. कानाने आणि बोटाने गिअर लावायची सवय दोन आठवड्यांत होते, आणि वडिलांचं बोट जिथे जायचं तिथेच तुमचं जातं. चेन नवी, सात स्पीडची, हे गृहीत धरतो. नव्या फ्रीव्हीलवर जुनी चेन घातली तर दाते लवकर झिजतात.

पुढच्या चकत्यांचं आत्ताच करू नका. त्या काळच्या बऱ्याच रॅलेंच्या बॉटमला कंपनीचे स्वतःचे, २६ टीपीआयचे आटे असतात. बाजारातला बॉटम २४ चा, तो त्यात जात नाही. आधी नळीची रुंदी मोजा. ६८ मिमी आली तर नेहमीचे आटे असण्याची शक्यता जास्त. ७१ किंवा ७६ आली तर काहीही विकत घेऊ नका. तसंच क्रँकला कॉटर (क्रँक ॲक्सलवर घट्ट धरणाऱ्या पाचरी) असतील तर ते ठोकून काढताना खालून आधार द्या, नाहीतर हातोड्याचा सगळा मार बॉटमच्या छऱ्यांवर जातो. ४० वर ३४ लावून दोन-तीन वेळा घाट चढून बघा. तरीही जड वाटला तर मग पुढे ३४ आणू.

आता ब्रेक. तुमच्या फोटोत रिम चकचकीत दिसते, म्हणजे क्रोमचं पाणी दिलेली लोखंडी रिम आहे. कोरड्यात ती ठीक. ओली झाली की ब्रेक दाबूनही पहिले काही फेरे चाक थांबतच नाही, कारण क्रोमच्या गुळगुळीत पाठीवर पाण्याचा थर राहतो आणि रबर त्यावरून घसरतं. कासला लोक जातात फुलांसाठी, ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरात, आणि त्याच दिवसांत घाटात धुकं, भुरभुर आणि पर्यटकांच्या गाड्या असतात. मी स्वतः एका सप्टेंबरात यवतेश्वर उतरताना अशा रिमवर दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून वळणाच्या कठड्यापर्यंत गेलो आहे. समोरून एसटी येत होती. पाय घासून थांबलो, बुटाचा तळ निघाला. त्या दिवसापासून घाटात जाणाऱ्या कुठल्याही सायकलला मी लोखंडी रिम ठेवू देत नाही. चढवणारा गिअर बसवून देणं आणि उतरताना थांबवणारा ब्रेक न देणं हे काम मी करणार नाही.

म्हणून ॲल्युमिनियमच्या ७०० सी रिम घ्या. २७ इंची टायरचं माप ६३० मिमी, ७०० सी चं ६२२. ब्रेकचं रबर फक्त ४ मिमी खाली सरकवावं लागतं, तुमच्या ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा असते. फायदा दुसराही आहे: २७ चे टायर शोधत फिरावं लागतं, ७०० सी चे मिळतात. गावातल्या दुकानातला २८ चा टायर घेऊ नका, तो ६३५ चा, साध्या काळ्या सायकलीचा. तुमच्या रिमवर सैल बसेल. रिम घेण्याआधी हबची भोकं मोजा. इंग्लंडच्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० भोकं असण्याची पद्धत होती, आणि ४० भोकांची रिम मिळवणं कठीण. मागे ४० निघाली तर हब बदलावंच लागेल. मग सरळ १३० चं कॅसेट हब आणि आठ स्पीड घ्या, वजनाचा प्रश्नही तिथेच सुटतो. ३६ निघाली तर वर सांगितलेलं सात स्पीड.

क्रमाने म्हणायचं तर: पहिल्यांदा पुढची रिम, दोन्ही ब्रेकची नवी रबरं आणि केबल, कारण उतारावर थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. मग फ्रेम १२६ ला, मागचं चाक, फ्रीव्हील, डेरेलर, चेन. पुढच्या चकत्या गरज पडली तरच. काढलेला प्रत्येक भाग रॉकेलने पुसून, तेलाचा हात देऊन एका डब्यात ठेवा. सायकल कधीही पुन्हा वडिलांच्या वेळेसारखी उभी करता येईल, फ्रेमचे ६ मिमी त्याला आड येत नाहीत.

मला चार गोष्टी कळवा: मागच्या खाचांमधलं अंतर, दोन्ही हबची भोकं, बॉटमच्या नळीची रुंदी आणि तुमचं वजन. आणि फ्रीव्हीलच्या तोंडाचा एक जवळून फोटो पाठवा, खाचा दोन आहेत की आत दाते आहेत ते दिसेल असा. तो बघून कोणता पाना लागेल ते सांगतो. तोपर्यंत कुणालाही त्यावर छिन्नी-हातोडा चालवू देऊ नका.